शिजवलेले कालव आणि कोष्टकातली दुप्पट

काही दिवसांपूर्वी कोकणातील एका शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. नववीतील दोन विद्यार्थिनींनी 'समुद्रातील पोषण' या विषयावर एक मोठा तक्ता तयार केला होता. मासे, कोळंबी, तिसऱ्या, कालवे अशी चित्रे, प्रत्येकाखाली आकडे आणि तळाशी लाल अक्षरांत निष्कर्ष : 'कालव शिजवल्यावर त्यातील जस्त आणि प्रथिने दुप्पट होतात.' आम्ही विचारले, "हे जादा जस्त येते कोठून?" एकीने उत्तर दिले, "उष्णतेमुळे तयार होते." दुसरी थोडी घुटमळली आणि म्हणाली, "पण सर, घरी आई कालवं शिजवते तेव्हा ती दुप्पट नाही होत. अर्धी होतात."

खरे उत्तर या दुसऱ्या वाक्यात होते. ते तक्त्यावर मात्र आले नव्हते. मुलींनी आकडे चुकीचे उतरवले होते असे नाही. आम्ही ते नंतर पडताळून पाहिले, दशांश चिन्हापर्यंत ते बरोबर होते. तेव्हा दोष उतरवणाऱ्यांचा नसून आपण सगळेच अशी कोष्टके ज्या पद्धतीने वाचतो आणि शिकवतो त्या पद्धतीचा आहे, असे आम्हाला वाटले. पुस्तकाचे परीक्षण करावे तसे एका कोष्टकाचे परीक्षण करण्याचा हा प्रयत्न आहे.

घाटावरील वाचकांसाठी एक खुलासा. येथे कालवे म्हणजे पाटबंधाऱ्याचे कालवे नव्हेत. कालव हा दोन शिंपांचा, खडकाला किंवा खाडीतल्या कठीण आधाराला कायमचा चिकटून राहणारा मृदुकाय प्राणी. समुद्राचे पाणी कल्ल्यांवरून गाळून त्यातील सूक्ष्म वनस्पती तो खातो. आपल्या किनाऱ्यावर खडकांवर सॅकोस्ट्रिया कुकुलाटा ही जाती आणि खाड्यांमध्ये क्रॅसोस्ट्रिया ग्रायफॉइडिस ही जाती आढळते. ओहोटीच्या वेळी लोखंडी हत्याराने वरची शिंप उडवून आतला गर काढून घेणाऱ्या स्त्रिया कोकणात अनेकांनी पाहिल्या असतील.

कोष्टकात काय आहे?

आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय अन्नघटकांची नवी कोष्टके प्रसिद्ध केली. देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ अन्नपदार्थांचे पृथक्करण त्यांत दिले आहे. त्यांत कालवाचीही नोंद आहे. पण या कोष्टकांचा भर कच्च्या पदार्थांवर आहे. त्यामुळे शिजवलेल्या कालवाचा आकडा हवा असला की हात जातो तो अमेरिकेच्या कृषी खात्याच्या कोष्टकाकडे. जगभरची पुस्तके, पाकिटांवरील मजकूर आणि शाळांमधील तक्ते यांत शेवटी याच कोष्टकाचे आकडे फिरत असतात. या कोष्टकाची जुन्या पद्धतीची शेवटची आवृत्ती २०१८ साली निघाली आणि २०१९ पासून ते 'फूडडेटा सेंट्रल' या मोठ्या संचाचा भाग झाले.

त्यातील पॅसिफिक कालवाची नोंद पाहू. ही मूळची जपानकडील जाती असून कालवशेतीमुळे ती आज अनेक देशांत पसरली आहे. खालील आकडे १०० ग्रॅम गरासाठी आहेत. पहिला आकडा कच्च्या कालवाचा, दुसरा पाण्यात किंवा वाफेवर शिजवलेल्याचा.

पाणी : ८२.०६ ग्रॅम – ६४.१२ ग्रॅम
ऊर्जा : ८१ किलोकॅलरी – १६३ किलोकॅलरी
प्रथिने : ९.४५ ग्रॅम – १८.९० ग्रॅम
जस्त : १६.६२ मिलिग्रॅम – ३३.२४ मिलिग्रॅम
सोडियम : १०६ मिलिग्रॅम – २१२ मिलिग्रॅम
पोटॅशियम : १६८ मिलिग्रॅम – ३०२ मिलिग्रॅम
लोह : ५.११ मिलिग्रॅम – ९.२० मिलिग्रॅम
जीवनसत्त्व ब-१२ : १६.०० मायक्रोग्रॅम – २८.८० मायक्रोग्रॅम
जीवनसत्त्व क : ८.० मिलिग्रॅम – १२.८ मिलिग्रॅम

मुलींचा निष्कर्ष येथूनच आला. प्रथिने दुप्पट, जस्त दुप्पट, लोह जवळजवळ दुप्पट. एवढेच नव्हे, तर उष्णतेने नाश पावणारे म्हणून आपण ज्याची ख्याती शिकवतो ते क जीवनसत्त्वसुद्धा शिजवल्यावर वाढलेले दिसते! शंका यावी ती येथेच.

शंभर ग्रॅम कशाचे?

जस्त हे मूलद्रव्य आहे. चुलीवर मूलद्रव्य तयार होत नाही आणि नष्टही होत नाही. हे आठवीच्या रसायनशास्त्रातले सत्य पोषणशास्त्राच्या तासाला आपण विसरतो. जस्त वाढलेले नाही, पाणी कमी झालेले आहे. कच्च्या कालवाच्या १०० ग्रॅम गराचे शिजल्यावर सुमारे ५० ग्रॅम उरतात असे या कोष्टकाने धरले आहे. पुन्हा १०० ग्रॅमचा हिशेब करायचा तर दुप्पट कालवे घ्यावी लागतात. आकडा दुप्पट होतो तो कालवांची संख्या दुप्पट झाल्यामुळे.

याच कोष्टकात एक साधी तळटीपवजा माहिती आहे, जी उतरवताना बहुधा गळते. मध्यम आकाराचे एक पॅसिफिक कालव कच्चे असताना ५० ग्रॅम आणि शिजल्यावर २५ ग्रॅम धरावे, असे ती सांगते. आता एका कालवाचा हिशेब करा. कच्च्यात जस्त १६.६२ च्या निम्मे, म्हणजे ८.३१ मिलिग्रॅम. शिजवलेल्यात ३३.२४ चा चौथा हिस्सा, म्हणजे पुन्हा ८.३१ मिलिग्रॅम. ताटात पडणारे कालव तेच, जस्तही तेवढेच. जेवताना माणूस कालवे मोजून खातो, शंभर ग्रॅमचा काटा घेऊन बसत नाही.

भाताचे उदाहरण याच्या उलट आहे. १०० ग्रॅम तांदळात सुमारे ७ ते ८ ग्रॅम प्रथिने असतात. त्याचा भात साधारण तिप्पट वजनाचा होतो, म्हणून १०० ग्रॅम भातात प्रथिने अडीच ग्रॅमच्या आसपास दिसतात. 'शिजवल्याने तांदळातील दोनतृतीयांश प्रथिने नष्ट होतात' असे कोणी लिहिले तर आपण लगेच हरकत घेऊ, कारण भात आपल्या रोजच्या परिचयाचा आहे. कालवाच्या बाबतीत हाच तर्क उलट दिशेने वापरला जातो आणि आपण मान डोलावतो.

येथपर्यंतचा दोष वाचणाऱ्याचा झाला. आता कोष्टकाकडे वळू.

फारच नेमकी दुप्पट

वरचे आकडे पुन्हा पाहावेत. ९.४५ चे १८.९०, १६.६२ चे ३३.२४, १०६ चे २१२. प्रयोगशाळेत काम केलेल्या कोणालाही ही दुप्पट खटकेल. कालवाचे दोन वेगवेगळे गट घेतले, एक कच्चा आणि एक शिजवून तपासला, तर गुणोत्तर १.९ येईल, २.२ येईल, एका घटकाचे एक, दुसऱ्याचे दुसरे. एकाच कालवातील जस्त दोनदा मोजले तरी दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत तोच आकडा येत नाही. निसर्ग इतक्या शिस्तीत वागत नाही, गुणाकार मात्र वागतो.

आता दुप्पट न झालेले घटक तपासू. शिजवल्यानंतर मूळ घटकाचा किती भाग शिल्लक राहिला हे काढण्याचे सूत्र सोपे आहे. शिजवलेल्याच्या दर ग्रॅममधील घटक गुणिले शिजवलेल्याचे वजन, भागिले कच्च्याच्या दर ग्रॅममधील घटक गुणिले कच्च्याचे वजन, गुणिले १००. मर्फी, क्रायनर आणि ग्रे या संशोधकांनी १९७५ साली अशा हिशेबाच्या निरनिराळ्या पद्धतींची तुलना केली, तेव्हा वजनातील बदल धरणारी हीच रीत खरी ठरते हे दाखवले होते. १०० ग्रॅमचे ५० ग्रॅम झाले असे धरून हे सूत्र लावल्यास जस्त १०० टक्के, सोडियम १०० टक्के, लोह ९० टक्के, पोटॅशियम ९० टक्के, ब-१२ देखील ९० टक्के आणि क जीवनसत्त्व ८० टक्के शिल्लक राहते. सगळे आकडे पूर्णांकातच नव्हे, तर दहाच्या पटीत!

अर्थ उघड आहे. शिजवलेल्या कालवाचे हे आकडे मोजलेले नाहीत. कच्च्या कालवाचे पृथक्करण झाले, आणि शिजवलेल्याचा रकाना त्या आकड्यांना दोनने गुणून आणि १०० टक्के, ९० टक्के, ८० टक्के अशा ठरावीक 'शिल्लक गुणकां'नी गुणून भरला गेला. अशा गुणकांचे स्वतंत्र कोष्टक अमेरिकेचे कृषी खाते प्रसिद्ध करते. त्याची सहावी आवृत्ती २००७ सालची आहे.

यात लबाडी नाही, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. हजारो पदार्थ, प्रत्येकाच्या शिजवण्याच्या अनेक रीती आणि प्रत्येकातील डझनावारी घटक यांचे पृथक्करण करणे कोणत्याही संस्थेला परवडणारे नाही. रुग्णालयातील आहारतज्ज्ञाला मात्र रकाना रिकामा असून चालत नाही. अशा वेळी विचारपूर्वक केलेला अंदाज रिकाम्या जागेपेक्षा बरा. शिवाय मूळ संचात आकडा किती नमुन्यांवरून आला आणि कसा मिळाला हे सांगणारे रकानेही असतात. नमुन्यांच्या जागी शून्य असेल तर आकडा मोजलेला नाही, काढलेला आहे, असे समजायचे. कोष्टक करणाऱ्यांनी हे लपवलेले नाही. एकाने दुसऱ्याचे उतरवून घेताना प्रथम हा रकाना गळतो, मग जातीचे नाव गळते, मग 'दर १०० ग्रॅम' गळते आणि शेवटी तक्त्यावर उरते ती फक्त लाल अक्षरातली दुप्पट.

तरीही कोष्टकाविषयी आमची एक तक्रार आहे. अंदाज असेल तर तो अंदाजासारखा दिसावा. 'सुमारे ३३' असे लिहिण्याऐवजी ३३.२४ असे लिहिले की वाचणाऱ्याला वाटते, कोणीतरी मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजले आहे. आपण विद्यार्थ्यांना सार्थ अंकांचा धडा शिकवतो तो याचसाठी.

रश्श्याची साक्ष

या अंदाजात एक भौतिक गृहीतकही दडलेले आहे, आणि ते चुकीचे आहे हे दाखवायला महागडे यंत्र लागत नाही.

कच्च्या १०० ग्रॅममध्ये पाणी ८२.०६ ग्रॅम, म्हणजे घन भाग १७.९४ ग्रॅम. शिजवलेल्या १०० ग्रॅममध्ये घन भाग ३५.८८ ग्रॅम. म्हणजेच शिजून उरलेल्या ५० ग्रॅममध्ये घन भाग बरोबर १७.९४ ग्रॅम. कोष्टकाच्या मते शिजताना कालवातून ५० ग्रॅम निव्वळ पाणी बाहेर गेले, आणि त्या पाण्याबरोबर विरघळलेले काहीही गेले नाही. ना मीठ, ना साखर, ना प्रथिनाचा एखादा कण.

कालवे शिजवणाऱ्या कोणत्याही बाईला हे सांगून पाहावे. भांड्यात वेगळे पाणी न घालता कालवे शिजवली तरी त्यांना पाणी सुटते, ते गढूळ असते, खारट असते आणि रश्श्याची सगळी चव त्यातच असते. चव याचा अर्थ विरघळलेला पदार्थ. निव्वळ पाण्याला चव नसते.

हे पाणी का सुटते, तेही पाहू. स्नायूंमधील प्रथिनांच्या जाळ्यात पाणी धरून ठेवलेले असते. तापमान ४० अंश सेल्सियसच्या पुढे गेले की ही प्रथिने आपली घडी सोडू लागतात, एकमेकांना चिकटतात आणि जाळे आकसते. तापमान आणखी वाढले की आकसणेही वाढते. स्पंज पिळावा तसा आतला द्रव बाहेर ढकलला जातो. हा द्रव पेशींमधला रस असतो. त्यात सोडियम, पोटॅशियम यांचे क्षार असतात, ग्लुटामेट, ग्लायसिन, टॉरीन यांसारखे मोकळे रेणू असतात आणि पाण्यात विरघळणारी ब गटातील जीवनसत्त्वे असतात. असा रस बाहेर पडताना पोटॅशियमचा दहावा हिस्सा जावा आणि सोडियमचा एक कणही जाऊ नये, हे कसे शक्य आहे? जस्ताचा मोठा भाग पेशींमध्ये बांधलेला असल्याने तो तुलनेने टिकून राहत असेल, हे मान्य करता येईल. पण सोडियमचे १०० टक्के कोणत्याही रसायनशास्त्राला धरून नाहीत.

हा प्रश्न नवा नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील डॉक्टर मॅकन्स यांनी शिप यांच्यासह मांस आणि मासे यांची रासायनिक घटना व शिजवताना होणारी घट यांवर १९३३ साली एक अहवालच लिहिला. त्याच वर्षी त्या रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात त्यांची भेट एल्सी विडोसन या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीशी झाली. मॅकन्स तेथे आपल्या प्रयोगांसाठी मांस शिजवून घेण्यास येत आणि विडोसन मोठ्या प्रमाणावरील स्वयंपाकाचे शिक्षण घेत होत्या. फळांमधील कर्बोदकांचे तुमचे आकडे कमी आहेत, कारण आम्लाबरोबर तापवताना फ्रुक्टोजचा काही भाग नष्ट होतो, असे विडोसन यांनी त्यांना सांगितले. मॅकन्स यांनी चूक मान्य केली आणि त्यातून पुढे अनेक दशकांचे सहकार्य सुरू झाले. १९४० साली दोघांनी प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या ग्रंथात शिजवलेल्या पदार्थांचे पृथक्करण आवर्जून दिलेले होते. माणूस जे खातो ते मोजावे, हा त्यामागचा विचार. आजचे अनेक आकडे त्यापेक्षा नव्या यंत्रांवर मोजलेले असतील, पण गुणाकाराने भरलेला रकाना त्या स्वयंपाकघराच्या एक पाऊल मागेच आहे.

कोणते कालव, कोठले कालव?

समजा, शिजवण्याचा हिशेब आपण दुरुस्त केला. मग कच्च्याचा आकडा तरी पक्का आहे का? याचे उत्तर त्याच कोष्टकातील दुसऱ्या एका नोंदीत मिळते. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील नैसर्गिक कालवाच्या (क्रॅसोस्ट्रिया व्हर्जिनिका) १०० ग्रॅम कच्च्या गरात ९०.८१ मिलिग्रॅम जस्त असल्याचे जुन्या आवृत्त्या सांगत. नंतरच्या आवृत्त्यांत त्याच नोंदीत ३९.३० मिलिग्रॅम आहे. शिजवलेल्याचा आकडा अर्थातच मागोमाग बदलला. पूर्वी १८१.६१ होता, तो ७८.६० झाला, म्हणजे पुन्हा दुप्पट. पॅसिफिक कालवाचे १६.६२ आपण वर पाहिलेच. 'कालवात जस्त किती?' या एकाच प्रश्नाची ही तीन उत्तरे, आणि त्यांत पाचपटीहून अधिक अंतर.

यात एक उत्तर खरे आणि बाकीची खोटी असे मानण्याचे कारण नाही. कालव हा जागचा न हलणारा प्राणी आहे. आसपासच्या पाण्यात जे असेल ते त्याच्याकडे येते. जस्त आणि तांबे हे धातू तो आपल्या रक्तपेशींमधील कणिकांत साठवून ठेवतो. ज्या खाडीत हे धातू जास्त, तेथील कालवात ते जास्त. तांबे फार साठले तर कालवाचा गर हिरवट दिसू लागतो. ऋतूचाही परिणाम मोठा असतो. प्रजननाच्या आधी कालव ग्लायकोजेन साठवून भरदार झालेले असते, अंडी-शुक्राणू सोडल्यावर तेच पातळ आणि पाणचट होते. तेव्हा अमेरिकेतील एका किनाऱ्यावरचा आकडा रत्नागिरीच्या खडकावरील वेगळ्या जातीच्या कालवाला चिकटवणे म्हणजे एका गावाचे पर्जन्यमान दुसऱ्या गावाच्या फलकावर लिहिण्यासारखे आहे.

आणि हे केवळ काटेकोरपणाचे वेड नव्हे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० सालच्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दररोज १७ मिलिग्रॅम आणि स्त्रीला १३.२ मिलिग्रॅम जस्त मिळावे. प्रौढांसाठी रोजची वरची मर्यादा ४० मिलिग्रॅम मानली जाते. १८१.६१ हा आकडा खरा धरला तर १०० ग्रॅम शिजवलेली कालवे म्हणजे स्त्रीच्या गरजेच्या तेरापटीहून अधिक जस्त आणि मर्यादेच्या चौपटीहून अधिक. ३३.२४ धरला तर मर्यादेच्या आत. एकाच पदार्थाविषयी 'भरपूर खा' आणि 'जपून खा' असे दोन्ही सल्ले या कोष्टकातून निघतात.

आणखी एक गोष्ट तक्त्यांवर कधीच दिसत नाही. पाणी उडाल्याने जस्त दाट होते तर कॅडमियमही दाट होते. हा विषारी धातूही कालवात साठतो आणि तोही मूलद्रव्यच असल्याने आचेवर नष्ट होत नाही. 'शिजवल्याने पोषण दुप्पट' म्हणणाऱ्याने त्याच तर्काने 'शिजवल्याने विष दुप्पट' असेही म्हणायला हवे. दोन्ही विधाने सारखीच भ्रामक आहेत.

मग काय सांगावे?

एवढी चिकित्सा केल्यावर काही निश्चित सांगण्यासारखे उरते का? उरते, आणि ते महत्त्वाचे आहे.

कालव हे उत्तम अन्न आहे. त्यात चांगल्या प्रतीची प्रथिने असून स्निग्धांश थोडा असतो. जस्ताच्या बाबतीत सामान्य अन्नपदार्थांमध्ये त्याचा क्रमांक फार वरचा आहे. अगदी कमी आकडा धरला तरी हे खरे राहते. ब-१२ हे वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ न मिळणारे जीवनसत्त्व त्यात भरपूर असते. लोहही चांगले असते. किनाऱ्यावरील गरीब कुटुंबाला फक्त श्रमाच्या मोबदल्यात हे मिळते, याचे मोल कोष्टकात मावणारे नाही.

शिजवल्याने त्यातले खनिज वाढत नाही. काही भाग रसात उतरतो. रसासह कालवण केले तर तो पोटातच जातो. पाणी ओतून दिले तर जातो मोरीत. म्हणजे शिजवलेल्या कालवाचे पोषणमूल्य बऱ्याच अंशी रश्श्याचे काय केले यावर ठरते, आणि नेमका हाच प्रश्न कोष्टक विचारत नाही. क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते, पण कालव आपण त्यासाठी खातही नाही.

शिजवण्याचा खरा लाभ वेगळाच आहे. पाणी गाळून खाणारा प्राणी पाण्यातील जंतूही साठवतो. व्हिब्रिओ गटातील जीवाणू आणि सांडपाण्यातून येणारे नोरोव्हायरससारखे विषाणू कच्च्या कालवांमधून माणसात येतात. जुजबी वाफ दाखवून भागत नाही. शिंपांसह कालवे उकळायची असतील तर शिंपा उघडल्यावर पुढे ३ ते ५ मिनिटे, आणि काढलेला गर असेल तर निदान ३ मिनिटे उकळावा, असा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचा सल्ला आहे. कडा मुडपल्या म्हणजे गर शिजत आला, ही खूण आपल्याकडील स्वयंपाकघरांतही ओळखीची आहे. तेव्हा 'शिजवा, कारण जस्त वाढते' हे कारण खोटे, आणि 'शिजवा, कारण रोग टळतो' हे खरे. खऱ्या सल्ल्याला खोटे कारण जोडले की कारणाबरोबर सल्लाही बदनाम होतो.

वर्गात करता येण्याजोगे

शिक्षकांनी हा विषय प्रयोगाने शिकवावा असे आम्ही सुचवू. किनाऱ्यावरील शाळेत वीसेक कालवांचा गर घ्यावा, साध्या पाण्यात झटकन धुऊन चाळणीत निथळावा, म्हणजे शिंपेतले समुद्राचे पाणी निघून जाईल, आणि वजन करावे. मग पाणी-मीठ न घालता झाकण ठेवून मंद आचेवर शिजवावा. गर आणि सुटलेला द्रव यांचे वेगवेगळे वजन करावे. १०० चे ५० होतात का, ६० होतात की ४५, हे आपल्या कालवांवरून कळेल. द्रव गाळून आधी वजन केलेल्या बशीत जलऊष्मकावर आटवावा. कोष्टक बरोबर असेल तर बशी कोरडी होऊन रिकामी राहिली पाहिजे. बशीत जे उरेल त्याचे वजन म्हणजे कोष्टकाने न धरलेली घट. गाळलेल्या द्रवाच्या दोन थेंबांत सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण घातले तर क्लोराइडचा पांढरा साका दिसेल. प्रयोगशाळेत काहीही चाखू नये, हे सांगणे नलगे.

देशावरील शाळांनी कालवाऐवजी पालक घ्यावा. चिरून, तोलून, बिनपाण्याने शिजवून पुन्हा तोलावा आणि 'दर १०० ग्रॅम' लोह किती वाढलेले दिसेल याचा हिशेब करावा. सोबत तांदूळ आणि भात यांचा उलटा हिशेब ठेवला तर दोन्ही बाजू मुलांच्या लक्षात येतील.

पुढे कोणतेही पोषणकोष्टक हाती आले की पाच प्रश्न विचारण्याची सवय लावावी. शंभर ग्रॅम कशाचे, कच्च्याचे की शिजवलेल्याचे? कोणत्या जातीचे आणि कोठले? मोजलेले की काढलेले? किती नमुन्यांवरून? आणि शिजवताना निघालेल्या पाण्याचे काय केले? उत्तर मिळाले नाही तर आकडा फेकून देण्याची गरज नाही. त्याच्यापुढे 'सुमारे' लिहावे आणि दशांश खोडावेत.

प्रदर्शनातील त्या दोघींना आम्ही गुण कमी दिले नाहीत. मात्र तक्त्यातील शेवटची ओळ बदलण्यास सांगितले. थोडा वेळ आपसात बोलून त्यांनी लाल पेनाने नवी ओळ लिहिली : 'कालव शिजवल्यावर पाणी कमी होते. जस्त तेवढेच असते, थोडे रश्श्यात जाते. म्हणून रस्सा टाकू नये.' आमच्या मते, ज्या कोष्टकावरून तो तक्ता केला होता त्यापेक्षा ही ओळ अधिक शास्त्रीय आहे.